उकळलेलं पाणी

सकाळी सव्वाअकराला रमेश शिंपीने चार नंबरच्या यंत्राचं अडकलेलं झाकण एकदाचं उघडलं आणि अख्ख्या प्रयोगशाळेत सडक्या अंड्यांचा भपकारा पसरला.

"कोणाचा डबा राहिला आत?" म्हणून तो स्वतःच हसला. शिंपी वीस वर्षं यंत्रं दुरुस्त करत होता आणि तोंड चाललं नाही तर त्याचा हातही चालत नसे. पण त्याचं हसू पुरतं संपायच्या आत भिंतीवरचा विषारी वायूचा भोंगा कोकलायला लागला. तो भोंगा केतकी निकुंभने अकरा वर्षांत फक्त महिन्याच्या पहिल्या सोमवारी, चालतोय की नाही हे बघण्यापुरता ऐकला होता. आज गुरुवार होता.

"शिंपीभाऊ, पाना टाका तिथंच आणि बाहेर व्हा! आधी बाहेर!"

दोघं आवारातल्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले. पंखे पूर्ण वेगाने फिरायला लागले आणि वीस मिनिटांनी भोंगा शांत झाला. शिंपी नाकाला रुमाल लावून म्हणाला, "ताई, त्या यंत्रात सिमेंट आणि पाणी एवढंच होतं ना? मग हा गॅस आला कुठून?"

 मुखवटा चढवून केतकी एकटीच आत गेली आणि चिमट्याने नमुना बाहेर काढला. पाणी प्यायच्या भांड्याएवढा सिमेंटचा ठोकळा. चांगलं मुरलेलं सिमेंट टकटक केलं की दगडासारखं वाजतं. हे वाजलं नाही. वरून करडं, ठीकठाक दिसत होतं, पण मधून एक काळी रेघ गेली होती. तिने हातमोज्यातलं बोट त्या रेघेवर दाबलं. बोट आत गेलं.

 ठोकळ्यावरच्या पट्टीवर तिचंच अक्षर होतं: सावळदरा-नऊ, १४ मार्च २०४१. आणि त्याच सावळदरा-नऊ नंबरच्या विहिरीवर आज दुपारी तीन वाजता तिचा नवरा दुरुस्तीसाठी पाइपाला भोकं पाडणार होता.

आता हे सिमेंट म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. घराच्या स्लॅबचं सिमेंट आणि हे, दोघांचं आडनाव एक, पण नातं लांबचं. जमिनीत दीड किलोमीटर खोल जाऊन गॅस काढायचा तर विहिरीत पोलादी पाइप सोडतात. पाइप आणि खडक यांच्यामध्ये चार बोटांची पोकळी राहते. ती बुजवली नाही तर खालचा गॅस पाइपात न शिरता बाहेरच्या बाहेर, वाट फुटेल तिकडून वर येणार. म्हणून पाइपातून पातळ सिमेंट खाली ढकलतात. ते तळाशी पोचतं, बाहेरच्या पोकळीतून वर चढतं आणि तिथंच घट्ट होतं. लवकर घट्ट झालं तर पाइपातच अडकून बसतं, उशीर झाला तर तेवढ्यात गॅस त्यातून बुडबुडत वाट काढतो. आणि एकदा खाली गेलेलं सिमेंट पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणून ते आधी प्रयोगशाळेत, विहिरीतल्याइतकीच उष्णता आणि तितकाच दाब देऊन शिजवून बघायचं. हे शिजवून बघण्याचं काम केतकीचं. त्यातला पहिला नियम एवढाच, की साइटवरचंच सिमेंट घ्यायचं आणि साइटवरचंच पाणी.

पाच वर्षांपूर्वी जिवंत सिमेंट आलं. साध्या सिमेंटला जमिनीखालच्या दाबाने पुढेमागे केसासारख्या भेगा पडतात. जिवंत सिमेंटात झोपलेले जिवाणू कालवलेले असतात आणि सोबत त्यांची शिदोरी, लॅक्टेट नावाचा एक पदार्थ. भेग पडून पाणी शिरलं की जिवाणू जागे होतात, शिदोरी खातात आणि चुनखडी तयार करून भेग बुजवतात. जखम भरते तशी. सातपुड्याच्या पायथ्याला, काळ्या दगडाच्या जाड थराखाली गॅस सापडला तेव्हा आसपासची गावं बिथरली होती, आणि बिथरणारच. तिथला गॅस जड. त्यात निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड, वर हायड्रोजन सल्फाइडसारखं जहर. गळला तर उडून जाणार नाही, खोलगट जागी पाण्यासारखा साचेल. शेवटी परवानगी मिळाली ती जिवंत सिमेंटच्या भरवशावर. भेग पडली तरी आपोआप बुजते म्हटल्यावर कोण काय बोलणार? बासष्ट विहिरी झाल्या आणि बासष्टच्या बासष्ट केतकीच्या सहीने झाल्या.

त्यातल्या चाळीसेक तरी तिच्या नवऱ्याने, हर्षल बोरसेने, स्वतः उभं राहून भरल्या होत्या. हर्षल सिमेंट भरणाऱ्या तुकडीचा प्रमुख. लग्नाच्या आधी दोन वर्षं त्याने केतकीला पाहिलं नव्हतं, फक्त तिच्या अहवालाखालची सही पाहिली होती. "लोक पोरगी पटवतात, मी सही पटवली," असं तो पाहुण्यारावळ्यांना सांगायचा. एरवी पाण्याची बाटलीसुद्धा झाकण वाजवून तपासणारा हा माणूस, पण केतकीचा अहवाल आला की पुन्हा वाचत बसायचा नाही. सही बघायचा आणि पंपाचं बटण दाबायचा.

आणि आता तिला ती गोष्ट आठवली.

चार वर्षांपूर्वी, काम नवीन असताना, साइटवरून येणाऱ्या पाण्याने प्रयोगशाळेच्या नाकी नऊ आणले होते. खडकातून निघालेलं ते गढूळ, बुळबुळीत, कुबट पाणी. यंत्राच्या सुईएवढ्या नळ्या त्या बुळबुळीने तुंबायच्या, आलेख वेडेवाकडे उड्या मारायचे, दोन-दोन दिवस सफाईत जायचे. केतकीने तोडगा काढला. पाणी आधी बारीक चाळणीतून गाळायचं, मग खळाखळा उकळायचं आणि गार करून वापरायचं. आलेख एकदम रेशमासारखे गुळगुळीत यायला लागले. प्रयोगशाळेचे प्रमुख वझलवार सर इतके खूश झाले की त्यांनी ही रीत कार्यपुस्तिकेत घातली. पुढे एका परिषदेत केतकीने त्यावर निबंध वाचला, टाळ्या पडल्या, आणि लोक त्याला चक्क निकुंभ पद्धत म्हणायला लागले. पाणी साइटचंच होतं ना? नियम मोडला असं कोणाच्या मनातही आलं नाही, तिच्याही नाही.

चौदा मार्चला उकळलेलं पाणी संपलं होतं. घाई होती, म्हणून चार नंबरच्या यंत्रात तिने तसंच कच्चं पाणी घातलं. नंतर बदलू, म्हणाली. संध्याकाळी झाकण अडकलं. सुटा भाग परदेशातून येईपर्यंत दाबाखालचं यंत्र बंद करू नका, असं यंत्रवाल्यांनी कळवलं. म्हणून ते तसंच तापत राहिलं, सात महिने. सावळदरा-नऊची चाचणी तिने दोन नंबरच्या यंत्रात, उकळलेल्या पाण्यात केली आणि ती झोकात पास झाली. म्हणजे हातातला हा ठोकळा त्या विहिरीत भरलेल्या सिमेंटचं जुळं भावंड होता. सिमेंट तेच, वय तेच, आणि पाणी विहिरीत असतं तसंच, कच्चं.

तिने करवतीने ठोकळा चिरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सगळी कहाणी तिथं लिहिलेली होती. आधी भेग पडली होती. जिवाणू इमानदारीत जागे झाले होते आणि त्यांनी पांढरी चुनखडी भरून भेग बुजवली होती. पण चुनखडी होते तेव्हा सिमेंटाचा मूळचा जहाल क्षार तेवढ्या पट्ट्यात उतरतो. एरवी त्या क्षाराच्या धाकाने लांब राहणारे खडकाच्या पाण्यातले रानटी जिवाणू मग तिथं येऊन बसतात. त्यांना लॅक्टेट म्हणजे पक्वान्न. ते खायचं आणि हायड्रोजन सल्फाइड सोडायचा, हा त्यांचा धंदा. त्या वायूने सिमेंट आतून कुजतं, पोकळी वाढते, आणखी शिदोरी उघडी पडते, की पुढची पंगत बसते. उकळलेल्या पाण्यात हे रानटी मेलेले असायचे. म्हणून प्रयोगशाळेत सगळं नेहमी छान दिसलं.

"म्हणजे आपण त्यांना जेवायला घातलं," केतकी स्वतःशीच पुटपुटली. 

बारा वाजता ती वझलवार सरांच्या खोलीत होती. सर मूळचे वर्ध्याचे, मऊ बोलणारे, पुढच्या वर्षी निवृत्त होणारे. त्यांनी ठोकळा पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे पहा केतकी, नमुना एकच आहे. यंत्र बिघडलेलं. दुसरं काही असू शकते."

"सर, बोट आत जातंय!"

"मी नाही म्हणतच नाही. पण पद्धतशीर करू. कच्च्या पाण्यात सहा नमुने लावू, नव्वद दिवस देऊ. मग लिहू."

"नव्वद दिवस? सर, तिथं पंधरा दिवसांपासून पाइपाबाहेर दाब चढतोय. तो कशाने चढतोय ते आता कळलं. आज तीनला हर्षल पाइपाला भोकं पाडून आणखी जिवंत सिमेंट दाबणार आहे. भोक पाडलं की आतला-बाहेरचा आडपडदा संपला. आणि वर आपण त्यांना ताजी शिदोरी पाठवतोय!"

 सर घाबरले होते, आणि केतकीला त्यांचा राग आला नाही, कारण तिचीही पाचावर धारण बसली होती. "एका नमुन्यावर बासष्ट विहिरी थांबवायच्या," ते हळूच म्हणाले, "आणि कारण काय लिहिणार तू? आपण पाणी उकळत होतो म्हणून? सगळे आपल्यालाच विचारतील, कोणी सांगितलं होतं उकळायला?"

"मीच सांगितलं होतं, सर. मी लिहीन."

बोलायला ती बोलून गेली. पण बाहेर येऊन फोन हातात घेतला तेव्हा तिला वाटलं, नुसतं तोंडी सांगून भागलं तर किती बरं होईल.

हर्षलने दुसऱ्या रिंगला उचलला. मागे जनरेटरची घरघर होती. "बोला मॅडम! आज दिवसाढवळ्या नवऱ्याची आठवण?"

"हर्षल, काम थांबव."

"का गं?"

"सिमेंट खराब आहे. आत्ता नको विचारू, थांबव फक्त."

"असं कसं थांबवू? या दुरुस्तीच्या सिमेंटावर कालच तुझी सही आलीये. पंप तुझ्या सहीने उघडलाय, यंत्रात तशी नोंद आहे. तोंडी सांगून मी थांबवलं तर वरचे माझी चामडी सोलतील, आणि उद्या दुसरा कोणी येऊन तेच काम करील. थांबवायचं असेल तर लेखी पाठव. नापास लिही, कारण लिही, पंप आपोआप कुलूपबंद होईल." मग त्याचा आवाज उतरला. "केतकी, काय झालंय? तू रडतेयस?"

"पाठवते," एवढंच ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

अकरा वर्षांत तिने दिलेला अहवाल कधी मागे घेतला नव्हता. पडद्यावरच्या फॉर्ममध्ये कारणाचा रकाना होता, आणि तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नव्हता. तिने आधी लिहिलं, 'तांत्रिक त्रुटी.' खोडलं. मग लिहिलं, 'पाण्याच्या नमुन्यात संदिग्धता.' तेही खोडलं. असं गुळमुळीत लिहिलेलं वाचून हर्षलचे वरचे तासाभरात दुसऱ्या कोणाची सही आणतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घड्याळात पावणेदोन झाले. शिंपी दारात उभा होता. आज त्याचं तोंड बंद होतं.

शेवटी तिने लिहिलं: 'चाचणीचं पाणी मी उकळून वापरलं. त्यामुळे विहिरीतले जिवाणू मेले आणि दोष दिसला नाही. कच्च्या पाण्यातलं हेच सिमेंट सात महिन्यांत कुजलं आहे. पाइपाला भोक पाडू नये. विहिरीबाहेर गळती होण्याचा धोका आहे. सावळदरा गाव ताबडतोब हलवावं. ही चूक माझी आहे.' खाली सही केली.

दोन वाजून चार मिनिटांनी सावळदरा-नऊचा पंप कुलूपबंद झाला.

अर्ध्या तासाने हर्षलचा फोन आला. आवाज कोरडा होता, ओळखू न येण्यासारखा.

"वाचलं मी. चारही वर्षं उकळत होतीस?"

"हो."

"मला एकदा बोलली नाहीस?"

"अरे, मला तरी कुठं माहीत होतं त्यात काही वावगं आहे? नळ्या तुंबायच्या, म्हणून..."

"असू दे. पण तू उगाच घाबरलीस बघ. आता चांगली बातमी ऐक. पाइपाबाहेरचा दाब उतरलाय. पंधरा दिवस चढत होता, आणि गेल्या दहा मिनिटांत निम्म्यावर आला. तुझं सिमेंट आपलं आपण बरं झालं. इथं पोरं टाळ्या वाजवतायत."

 जिवंत सिमेंटच्या प्रशिक्षणात सगळ्यांना हेच पढवलं होतं, की दाब उतरला म्हणजे भेग बुजली. तिने स्वतः त्या वर्गात हे शिकवलं होतं, आणि हर्षल पहिल्या रांगेत बसून तिच्याकडे बघून डोळे मिचकावत होता. पण भेग बुजली की दाब दिवसादिवसाने उतरतो, दहा मिनिटांत नाही. दहा मिनिटांत उतरतो तेव्हा त्याचा अर्थ एकच.

"हर्षल, सिमेंट बरं झालेलं नाही! गॅसला दुसरी वाट सापडलीये! तो कुठूनतरी वर येतोय. सगळ्यात खोलगट जागा कोणती तुझ्याजवळ?"

 "गावामागचा नाला," तो म्हणाला. मग फोन तोंडापासून लांब धरून कोणालातरी ओरडून काहीतरी विचारलं. परत आला तेव्हा धापा टाकत होता. "केतकी, नाल्यात उतरलेल्या शेळ्या उठत नाहीयेत."

"गाव हलव. टेकडीवर ने. खालच्या रस्त्याने नाही, वर ने सगळ्यांना!"

"हलवतो. फोन चालू ठेव."

सावळदरा म्हणजे तीन बाजूंनी टेकड्या आणि मधे वाडग्यासारखं गाव, चौदाशे वस्ती. पुढचा पाऊण तास केतकीने फक्त आवाज ऐकले. साइटचा भोंगा, ट्रॅक्टर, "चला रे, वर चला", कोणाचं तरी कडेवरचं पोर केकाटत होतं, कोणीतरी म्हातारा 'मी नाही येत' म्हणून भांडत होता आणि हर्षल त्याला अहिराणीत शिव्या देत उचलून नेत होता. मधेच हर्षल म्हणाला, "वास यायला लागलाय." वझलवार सर एव्हाना तिच्या शेजारी येऊन उभे होते. ते दुसऱ्या फोनवरून जिल्ह्याच्या ठिकाणी बोलत होते, आणि नव्वद दिवसांचं नावही काढत नव्हते. शिंपी हात जोडून नुसता फोनकडे बघत बसला होता.

मग बराच वेळ हर्षल बोललाच नाही.

"हर्षल? अरे, बोल ना काहीतरी!"

फोनवर बाईचा आवाज आला. "मॅडम, मी कोकिळाताई, सरपंच. साहेबांनी फोन माझ्याकडे देलाय. आम्ही सगळे टेकडीवर आलो. आमची सुपडाबाई शेळ्यांसाठी परत खाली गेली, तर साहेब तोंडाला ते नळकांडं लावून तिला आणायला उतरलेत. तुम्ही काही काळजी करू नका. वास होता मघाशी खूप, पण आता अजिबात नाही. गेला गॅस. माणसं घराकडं निघालीत हळूहळू."

 हा वायू थोडा असला तर नाकाला झोंबतो. फार झाला तर तो आधी नाकच मारतो, माणसाची वास घेण्याची ताकदच काढून घेतो, आणि मग पुढचे दोन-चार श्वास पुरे होतात. वास गेला नव्हता. गॅस टेकडीपर्यंत चढला होता.

"ताई, ऐका! वास गेला नाही, नाकं मेलीत तुमची! कोणालाही खाली जाऊ देऊ नका! आणखी वर चढा, अगदी माथ्यापर्यंत. पळा! सगळ्यांना ओरडून सांगा, पळा म्हणावं!"

कोकिळाताईंनी एकही प्रश्न विचारला नाही. त्या बाईचा तो ओरडण्याचा आवाज केतकीच्या कानात पुढे कितीतरी दिवस राहिला. माणसं पळाली. निघाले होते तेवढे सगळे माघारी फिरले आणि माथ्यावर चढले.

हर्षल बावीस मिनिटांनी वर आला. पाठीवरच्या नळकांड्यात तीस मिनिटांची हवा होती. सुपडाबाई त्याच्या खांद्यावर होती, पण तिचा जीव नाल्यातच गेला होता. ते न कळून, वाटेत तिला तगवायला म्हणून त्याने आपला मुखवटा काढून तिच्या तोंडाला लावला होता, तेवढ्यातच त्याच्या छातीत जे जायचं ते गेलं.

सावळदऱ्यात त्या दिवशी एक बाई गेली आणि सगळी जनावरं गेली. चौदाशे माणसं जगली. वर्तमानपत्रांनी हर्षलचा फोटो छापला आणि केतकीच्या अहवालातली शेवटची ओळही छापली.

दहा दिवसांनी हर्षलला धुळ्याच्या इस्पितळात उशीला टेकून बसता यायला लागलं. नाकाशी ऑक्सिजनची नळी होती. केतकी रोज यायची, रोज भाकरी-वरण घेऊन यायची, तो मुकाट्याने चार घास खायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. त्या दिवशी मात्र तो तिच्याकडे बघत म्हणाला, "नर्सने औषधाच्या कागदावर तुझी सही घेतली ना सकाळी. ती बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. इतकी वर्षं तुझी सही बघितली की मी निर्धास्त व्हायचो."

केतकी रडली. लपवायच्या भानगडीत पडली नाही. "माफ कर, असं म्हणायलाही तोंड नाही रे मला."

"तू लिहिलं नसतंस तर मी भोक पाडलं असतं," हर्षल म्हणाला. बोलताना त्याला थांबावं लागत होतं. "तेही मी विसरत नाही. दोन्ही डोक्यात आहेत, आणि दोन्ही एकत्र बसत नाहीत. वेळ दे मला." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बाकीच्या एकसष्टांचं काय?"

"सगळ्या गावांतून माणसं हलवलीत. विहिरी एकेक करून कायमच्या बंद करतायत."

"आणि बाहेरच्या? तुझी पद्धत पुस्तिकेत होती ना? आणखी कोण वापरतं?"

याच प्रश्नाने केतकीला दहा दिवस झोप नव्हती. देशात सव्वीस प्रयोगशाळा जिवंत सिमेंट तपासत होत्या. सगळ्यांना पत्रं गेली होती. उत्तरं आली होती ती अशी, की विषय समितीपुढे ठेवला आहे, पुढील बैठकीत विचार होईल, सावळदऱ्याची भूगर्भरचना वेगळी असावी.

"पत्रं कोण वाचतं?" हर्षल म्हणाला. "गाव हलवायचं तुझ्या कागदातही होतं, पण हललं ते तुझ्या फोनने. यंत्रावर जो माणूस बसतो त्याला फोन कर. इथंच बसून कर. मी ऐकतो."

खुर्ची त्याच्या पलंगाजवळ ओढून तिने यादी काढली. पहिलं नाव किनारपट्टीवरच्या एका प्रयोगशाळेचं होतं. समुद्राजवळच्या जुन्या गॅसविहिरी तिथं जिवंत सिमेंटने कायमच्या बुजवत होते. दुपारचे साडेबारा वाजले होते. फोन एका तरुण मुलीने उचलला.

"वैदेही तांडेल बोलतेय, चाचणी विभाग."

"मी केतकी निकुंभ."

"अय्या! निकुंभ पद्धतवाल्या निकुंभ मॅडम?" पोरीचा आवाज आनंदाने चिरकला. "मॅडम, आम्ही तुमचा निबंध भिंतीवर लावलाय! काय सोय केलीत हो तुम्ही! आमच्याकडचं पाणी तर असलं घाण यायचं, की विचारू नका. यंत्रं सारखी तुंबायची. आता बघा, एक नमुना नापास नाही. तुम्ही एकदा उकळा म्हणून लिहिलंय, आम्ही तर दोनदा उकळतो."

केतकीने डोळे मिटून घेतले. हर्षलचा हात पांघरुणाखालून बाहेर आला आणि तिच्या मनगटावर घट्ट बसला.

"वैदेही, मी सांगते ते नीट ऐक. पण आधी मला एक सांग. तुमच्या विहिरींच्या खालच्या अंगाला, उतारावर, कोण राहतं?"

"खाली ना? आम्हीच राहतो की," वैदेही म्हणाली. "क्वार्टर्स, बाजार, पोरांची शाळा, सगळं खालीच आहे. का हो, मॅडम?"